मुकादमांचा बंधारा

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं. घरात आणि गल्लीत सगळे तिला बारकी म्हणायचे, कारण जन्मली तेव्हा ती मूठभर होती. पुढे ती चांगली धडधाकट झाली, उंचीत आईच्या वर गेली, नदी संवर्धन खात्यात अधिकारी झाली, तरी नाव काही सुटलं नाही. सुट्टीला घरी आली की कोपऱ्यावरचा दुकानदार आतूनच हाक मारायचा, "काय बारके, नदी काय म्हणतेय?"

नदी काय म्हणतेय हे सांगणं एकवेळ सोपं होतं, पण आपण नक्की कसली नोकरी करतो हे सांगताना तिच्या नाकी नऊ यायचे. शिक्षण संपल्यावर ती आधी शहरातल्या एका बड्या सल्लागार कंपनीत लागली होती. काचेची इमारत, गुळगुळीत टेबलं, आणि काम म्हणजे कारखान्यांना पर्यावरणाचे जाडजूड अहवाल लिहून देणं. एकदा एका ओढ्यावरचा अहवाल बांधून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण हा ओढा डोळ्यांनी पाहिलेलाच नाही. तिनं शेजारच्याला विचारलं, तर त्यानंही पाहिला नव्हता. तो हसला आणि पुढच्या अहवालाला लागला. तिला मात्र ते हसू पचलं नाही. नदी खात्यात जागा निघाल्या तेव्हा तिनं अर्ज टाकला.

परगावी असलेला थोरला भाऊ फोनवर म्हणाला, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? लोक तिकडून इकडे यायला धडपडतात, आणि तू उलटी निघालीस."

आईनं विचारलं, "तिथं जेवायची सोय काय?"

वडील तेवढे खूश झाले. "नदीचं खातं म्हणजे बांधकाम आलंच," ते म्हणाले. "म्हणजे आपल्या घराण्यातलंच काम."

वडिलांना अख्खं गाव मुकादम म्हणायचं. विशीही गाठली नव्हती तेव्हा ते एक वळकटी काखेत मारून या गावात आले होते. तेव्हा कागद कारखान्यासाठी नदीवर बंधारा बांधायचं काम निघालं होतं. त्यांनी सुरुवात दगड वाहण्यापासून केली आणि काम संपलं तेव्हा सगळी माणसं त्यांच्या हाताखाली होती. कारखान्यात लगदा ढवळणाऱ्या एका मुलीशी त्यांची तिथंच ओळख झाली, तीच बारकीची आई. नंतर त्यांनी घरं बांधली, गोदामं बांधली, शाळेची एक भिंत बांधली, पण सुट्टीच्या दिवशी मुलांना हाताशी धरून न्यायचे ते बंधाऱ्यावरच. भिंतीच्या माथ्यावर टाच आपटून म्हणायचे, "हे कुणी बांधलं?" मुलं ओरडायची, "बाबांनी!" मग घरी परत.

खात्यातली पहिली काही वर्षं बारकीनं लांबच्या जिल्ह्यात लहानसहान कामं केली. ओढ्याकाठी झाडं लावली. त्यातली निम्मी शेळ्यांनी फस्त केली, तेव्हा तिनं शेळ्यांच्या मालकिणीशी दोस्ती केली आणि उरलेली जगली. रस्त्याखालचे अरुंद पाइप काढून तिथं रुंद मोऱ्या बसवून घेतल्या. एका धुलाई केंद्राच्या मालकाच्या इतक्या वेळा पाया पडली, म्हणजे अगदी शब्दशः नाही, की शेवटी वैतागून त्यानं साबणाचं पाणी नदीत सोडणं बंद केलं. हे काम नदीवर कमी आणि लोकांच्या स्वयंपाकघरात जास्त चालतं, हे तिला हळूहळू उमगत गेलं. चहा मात्र फार प्यावा लागायचा.

आणि मग एक दिवस तिच्या वरिष्ठ बाईंनी, ज्यांना सगळं ऑफिस मोठ्या मॅडम म्हणायचं, तिला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं.

"तुझ्या गावचा बंधारा," मॅडम म्हणाल्या. "दुरुस्त करायचा की काढायचा, हे ठरवायची वेळ आलीय. आपल्या माणसांचं मत आहे, काढायचा. तू पाहिलायस तो?"

"पाहिलाय," बारकी म्हणाली. "मॅडम, तो माझ्या वडिलांनी बांधलाय."

मॅडमनी चष्मा काढला. "मग मी दुसऱ्या कुणाला देते."

बारकीला हो म्हणावंसं वाटलं. पण तिच्याशिवाय कुणीही गेलं तरी बंधारा पडणार तो पडणारच, आणि बाबांना ते कुणा परक्याच्या तोंडून कळणार, हेही तिला दिसत होतं. "नको," ती म्हणाली. "मीच करते."

बंधाऱ्याचं दुखणं तिला पाठ होतं. कारखाना बंद पडून जमाना लोटला होता. भिंतीमागं गाळ साचून साचून माथ्याला आला होता. त्यावरचं वीतभर पाणी उन्हाळ्यात हिरवं पडायचं आणि त्याचा वास पार बाजारापर्यंत यायचा. वरून येणारी सगळी वाळू आणि गोटे भिंतीनं अडवून धरल्यामुळे खालच्या अंगाला नदी उपाशी होती, आणि उपाशी नदी काठ खात सुटली होती. तिथल्या झाडांच्या मुळ्या उघड्या पडल्या होत्या. अंडी घालायला वर जाणारे मासे भिंतीवर नाक आपटून परत फिरायचे. आणि भिंतीला एक तडा गेला होता, हात आत जाईल एवढा.

ती बाडबिस्तरा घेऊन आईवडिलांकडे राहायला आली. दोन दिवस तिनं तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादम खिडकीशी आरसा टेकवून दाढी करत होते, तेव्हा ती स्टुलावर बसली.

"बाबा, मी बंधाऱ्याच्या कामासाठी आलेय."

"दुरुस्ती?" त्यांचे डोळे आरशातच चमकले. "मी कधीचा सांगतोय, त्या तड्याला आत्ताच हात घातला पाहिजे."

"दुरुस्ती नाही. काढायचा विचार आहे."

"कुठला बंधारा?" मुकादम म्हणाले. पंचक्रोशीत एकच बंधारा होता.

तिनं सगळं सांगितलं. गाळ, वाळू, काठ, मासे. ती चांगलं सांगायची, आणि बोलता बोलता तिला कळत होतं की आपण फारच चांगलं सांगतोय. मुकादमांनी अर्ध्या चेहऱ्यावरचा फेस तसाच ठेवून ऐकलं. मग उरलेली दाढी केली, वस्तरा धुतला, पुसला, डबीत ठेवला.

"माशांसाठी," ते म्हणाले, आणि बाहेर निघून गेले.

त्या दिवसापासून घरात बोलणं आईच्या मार्फत सुरू झालं. तिघं एकाच टेबलावर जेवायला बसायची. मुकादम म्हणायचे, "तुझ्या मुलीला म्हणावं, मीठ इकडे दे." आई म्हणायची, "ती तुमच्या कोपराशीच बसलीय, तिला ऐकू येतं." बारकी मीठ सरकवायची. आई दोघांकडे आळीपाळीनं बघायची आणि सुस्कारा सोडायची. एकदा मात्र तिचा संयम संपला. "मी कारखान्यात एवढी वर्षं दोन मशिनींच्या मधे उभी राहून काढली," ती म्हणाली. "म्हातारपणी तरी सुटका होईल असं वाटलं होतं."

शाळेच्या सभागृहात गावाची बैठक बोलावली होती. बारकीनं पडद्यावर नकाशे लावले, आलेख दाखवले. लोक शांतपणे बसून राहिले, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसतात तसे. तिचं संपल्यावर पोहण्याचे मास्तर उठले. गावातल्या जवळजवळ प्रत्येकाला या मास्तरांनी बंधाऱ्याच्या पाण्यात ढकलून पोहायला शिकवलं होतं, बारकीलाही.

"माझा प्रश्न साधा आहे," मास्तर म्हणाले. "पोरांनी पोहायचं कुठं?"

बारकीनं पाण्यातल्या शेवाळाच्या विषारीपणाची आकडेवारी सांगितली. मास्तर ऐकून घेऊन खाली बसले. त्यांचं समाधान झालेलं नव्हतं.

मग मागच्या रांगेतून मुकादम उठले. सभागृहात कुजबुज झाली आणि थांबली.

"मी जन्मभर बांधकामं केली," ते म्हणाले. "सगळी दुसऱ्यांची. दुसऱ्याचं घर, दुसऱ्याचं गोदाम. चावी दिली की आपला तिथं पाय ठेवायचा संबंध संपला. ही एकच गोष्ट अशी होती की जिथं मी कधीही जाऊन उभा राहू शकत होतो." त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "माझी मुलगी हुशार आहे. ती म्हणते ते बरोबरही असेल. पण मी हो म्हणणार नाही. एवढंच."

निर्णय पुढे ढकलला गेला. बाहेर पडताना लोक बारकीशी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलले, आणि तेच तिला जास्त लागलं.

त्याच आठवड्यात जुन्या कंपनीतून फोन आला. तिथले साहेब म्हणाले, एक चांगली जागा रिकामी आहे, तू यावंस असं आम्हाला वाटतं. ती विचार करते म्हणाली, आणि खरंच विचार करू लागली. काचेच्या इमारतीत कुणाचा बाप मागच्या रांगेत उभा राहत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या मॅडमना भेटायला गेली. मॅडम डबा खात होत्या. त्यांनी अर्धं अंडं तिच्यापुढे सरकवलं.

"बैठकीत काय झालं?"

"मी सगळी उत्तरं दिली," बारकी म्हणाली. "तरी काही उपयोग झाला नाही."

"कुणी मागितली होती?"

बारकीनं अर्धं अंडं उचलून परत ठेवलं.

"मास्तरांनी विचारलं, पोरांनी पोहायचं कुठं. तू काय सांगितलंस?"

"शेवाळाबद्दल."

मॅडम हसल्या, पण त्यात टोचणी नव्हती. "मी तुझ्या वयाची होते तेव्हा एका गावानं मला टेम्पोत बसवून वेशीबाहेर सोडलं होतं. अगदी आदरानं. सामानसुद्धा बांधून दिलं. मी त्यांना तळं कसं वाचवायचं ते पटवून द्यायला गेले होते, आणि तळ्याकाठी राहणाऱ्या एकाही माणसाला काही विचारलं नव्हतं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "कंपनीत जायचं असेल तर जा. तुला तिथं कुणी वाईट म्हणणार नाही, मीही नाही. पण हरलीस म्हणून जाऊ नकोस. अजून तू हरायला सुरुवातसुद्धा केली नाहीस."

परतीच्या बसमधून गावात उतरल्यावर बारकी घरी न जाता थेट मास्तरांकडे गेली.

मास्तर नदीकाठच्या जुन्या शेडमध्ये होते. आत जे दिसलं ते पाहून ती दारातच थांबली. लाकडी बाकांवर मुलं पालथी पडली होती आणि हवेत हातपाय मारत होती. मास्तर मधून फिरत होते आणि म्हणत होते, "गुडघा वाकवू नकोस. श्वास बाजूला."

"पाण्यात नाही?" तिनं विचारलं.

"दोन उन्हाळे झाले, पाण्यात सोडत नाही मी पोरांना," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "अंगाला पुरळ येतं. बैठकीत हे बोललो असतो तर तुझ्या बाजूनं बोलल्यासारखं झालं असतं."

ती एका रिकाम्या बाकावर बसली. या वेळी तिनं नकाशा काढला नाही. बंधारा व्हायच्या आधी लोक कुठं पोहायचे, एवढंच विचारलं. मास्तरांना स्वतःला ते आठवत नव्हतं, पण त्यांची आई वरच्या वळणावरच्या काळ्या खडकाखाली डुंबायची म्हणे. भिंत झाल्यावर ती जागा गाळाखाली गेली.

"बंधारा काढला तर तो डोह परत येईल?"

"खात्रीनं सांगता येणार नाही," बारकी म्हणाली. "आमचे इंजिनिअर मोजून बघतील. येईल असं मला वाटतं. पण पहिल्या वर्षी नाही."

मास्तरांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "हे तू बैठकीत का नाही म्हणालीस? 'खात्रीनं सांगता येणार नाही' असं म्हणणारा अधिकारी मी जन्मात पाहिला नाही." मग ते बाकाकडे वळले. "ए, तू झोपलास की काय? हात चालव."

घरी मात्र मिठाची देवाणघेवाण तशीच चालू होती. बाबांना काय विचारायचं, हे तिला सुचत नव्हतं. शेवटी तिनं आईच्या मार्फतच विचारलं. जेवताना म्हणाली, "आई, बाबांना म्हणावं, शेजारच्या जिल्ह्यात एका नदीवरचा बंधारा तीन वर्षांपूर्वी काढलाय. मी उद्या बघायला जातेय. येणार का?"

"मी कशाला?" मुकादम आईला म्हणाले.

"जा," आई म्हणाली. "घरात बसून बसून माझं डोकं खाताय. तिकडे जाऊन दुसऱ्या कुणाचं खा."

खात्याच्या जीपमध्ये मुकादम पुढच्या सीटवर बसले आणि वाटेतल्या प्रत्येक पुलाबद्दल ड्रायव्हरला आपलं मत सांगत गेले. एकही मत चांगलं नव्हतं.

नदीपाशी पोचल्यावर ते आधी एकटेच पुढे गेले. बंधारा जिथं होता तिथं आता दोन्ही काठांवर दगडी भिंतीचे बुंधे तेवढे उरले होते आणि मधून पाणी गोट्यांवरून खळखळत चाललं होतं. काठाला गवत माजलं होतं. एक बगळा पाण्यात उभा होता, तो मुकादमांना पाहून जरा पलीकडे सरकला.

मुकादम बुंध्यापाशी वाकले. "काम नीट नाही केलं," ते थेट तिलाच म्हणाले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच. "हे लोखंड बघ, तसंच सोडलंय बाहेर. कुणाचा तरी पाय फाटेल."

"हो," ती म्हणाली. "हे चुकलंच."

ते गोट्यांवर उतरले. तोल जाईल म्हणून ती मागून चालली होती, पण धरायची हिंमत झाली नाही. पाण्याच्या कडेला ते उकिडवे बसले आणि त्यांनी एक गोटा उचलून हातात फिरवला.

"ज्यानं हा बांधला, तो आहे का अजून?"

बारकीला सांगता येईना. या नदीची सगळी माहिती तिला होती. पाणी किती थंड झालं, मासे वर कुठवर पोचले, वाळू कुठं साठली. कुणी बांधला होता, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

तिनं तिथूनच त्या जिल्ह्यातल्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या माणसानं दोघातिघांना विचारून सांगितलं, की एक म्हातारा होता, मुलाकडे राहायला गेला होता, गेल्या वर्षी वारला. बंधारा काढल्याचं त्याला कुणी कळवलं होतं की नाही, ते काही सांगता येणार नाही.

तिनं ते जसंच्या तसं बाबांना सांगितलं.

मुकादमांनी हातातला गोटा पुन्हा एकदा फिरवला. "कळवायला हवं होतं," ते म्हणाले. "एक पोस्टकार्ड टाकलं असतं तरी चाललं असतं."

"हो."

"तू मला सांगायला आलीस. वाईट सांगितलंस, पण आलीस." त्यांनी गोटा होता तिथं परत ठेवला. "मला उठव आता. गुडघे धरलेत."

तिनं हात दिला. त्यांनी तो चांगला घट्ट धरला आणि जीपपर्यंत सोडला नाही. चढ होता म्हणून, असं ते नंतर आईला म्हणाले.

दुसऱ्या बैठकीला बारकीनं पडदा लावलाच नाही. खुर्च्या गोल मांडल्या आणि डोहाबद्दल जे माहीत होतं ते आणि जे माहीत नव्हतं ते, दोन्ही सांगितलं. मास्तर म्हणाले, पोरं आणखी एक उन्हाळा बाकांवर पोहतील, मेली नाहीत अजून. हशा पिकला. सगळ्यांचे डोळे मग मुकादमांकडे वळले.

"मी हो म्हणत नाही," मुकादम म्हणाले. "पण काढणारच असाल तर नीट काढा. लोखंड ठेवायचं नाही. आणि एका दिवसात उडवून मोकळं व्हायचं नाही. वरून थराथरानं उतरवायचा. आणि दगड मला बाजारातल्या चौकात हवेत, बसायला."

खात्याच्या तरुण इंजिनिअर मुलीनं त्यांना थराथराचं मान्य केलं. गाळ एकदम खाली जाऊ नये म्हणून तसंच करायचं ठरलं होतं. दगडांना मात्र तिनं नकार दिला. ते खालचा खचलेला काठ सावरायला लागणार होते. मुकादमांनी हुज्जत घातली. तिनं कागदावर काठ काढून दाखवला, पुन्हा काढून दाखवला. शेवटी ते कुरकुरत म्हणाले, "बरं, निदान कामात तरी लागतायत."

बैठकीनं होकार दिला, आणि बंधारा काढायचं काम नदीला पाणी कमी असताना सुरू झालं. पहिल्या सकाळी मुकादम येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. ते आले, हातात घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन. खुर्ची त्यांनी काठावर सावलीत मांडली आणि आरामात पाय पसरून बसले. बारकी लांबून त्यांच्यावर नजर ठेवून होती.

यंत्राचा हातोडा भिंतीवर आदळायला लागला. आदळत राहिला. ठिणग्या उडाल्या, धुरळा उडाला, भिंत जशीच्या तशी. चालकानं जागा बदलून पाहिली. सकाळ सरत आली तरी माथ्याचा एक कोपरा तेवढा निघाला होता. शेवटी चालकानं यंत्र बंद केलं, खाली उतरला, घाम पुसला आणि चारी दिशांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कुणी बांधलंय हे लेकाचं?"

मुकादम खुर्चीतून उठले.

"मी," ते म्हणाले.

चालकानं जीभ चावली. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. चेहरा असा उजळला होता, की बारकीला मान दुसरीकडे वळवावी लागली. त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि चालकापुढे धरला. "बस जरा. घाई करू नको. ही तुला आठवडाभर तरी दाद देणार नाही." आठवड्याहून जास्त लागलं. रोज संध्याकाळी मुकादम घरी येऊन आईला सांगायचे, आज फक्त एवढंच निघालं, आणि हातानं दाखवायचे. शेवटचा थर निघाला त्या दिवशी मात्र ते काही न बोलता जेवले आणि लवकर झोपले. सकाळी आईनं पाहिलं तर उशी ओली होती. तिनं अभ्रा बदलला आणि कुणाला काही सांगितलं नाही, फक्त बारकीला सांगितलं.

पुढचे महिने वाईट गेले. पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला गाळ ऊन लागून तडकला, घाण वास सुटला, आणि गावानं बारकीला बोलायचं काही बाकी ठेवलं नाही. दुकानदारानं नदीची चौकशी करणं बंद केलं. ती रोज गमबूट घालून गाळात उतरायची, काठ धरून ठेवायला निर्गुडीच्या फांद्या रोवायची, आणि संध्याकाळी तक्रारी ऐकायला शाळेच्या पायरीवर बसायची. कंपनीला तिनं मधेच कधीतरी नाही कळवलं होतं. नक्की केव्हा, ते तिला नंतर आठवेनासं झालं. चिखलातून येताना केला असावा तो फोन.

वर्ष उलटलं तेव्हा गाळावर गवत आलं होतं. खडकाखालचा डोह आला, पण पहिल्यांदा गुडघाभरच. मास्तर रोज काठी घेऊन मोजायचे आणि तोंड वाकडं करायचे. त्याच्या पुढच्या पुरानं तळ उकरला आणि पाणी छातीला लागलं. पहिली तुकडी बाकांवरून उठून पाण्यात गेली, आणि हवेत इतकं सुंदर पोहणारी निम्मी मुलं पाण्यात घाबरून रडायला लागली. मासे थोडे दिसले. खात्याला हवे होते तेवढे अजून नव्हते.

बारकीचं मात्र नाव झालं. इतर जिल्ह्यांतले लोक अशा कामासाठी तिला बोलवायला लागले. ती गेली की आधी नदीवर जात नसे. ज्यानं बंधारा, होड्यांचा धक्का, जे काही असेल ते बांधलं, तो माणूस शोधायची, नाहीतर त्याच्या घरचं कुणीतरी. नव्या मुलामुलींना हा वेळेचा अपव्यय वाटायचा. ती त्यांना समजावत बसायची नाही, सोबत घेऊन जायची.

अशीच एकदा ती दूरच्या एका नदीकाठच्या घराचं दार वाजवत उभी होती. या घरातल्या माणसानं तिथला जुना धक्का बांधला होता. तो आता नव्हता. त्याच्या बायकोनं दार उघडलं. कानानं अधू, पण नजर करारी.

"मीटर मागच्या बाजूला आहे," म्हातारी म्हणाली.

"मी मीटरवाली नाही, आजी," बारकी मोठ्यानं म्हणाली. "तुमच्या मालकांनी धक्का बांधला होता ना? त्याबद्दल बोलायचं होतं."

"काय?"

"धक्का!"

म्हातारीनं तिला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. बुटांना कालचा चिखल होता. "मग बाहेर का उभी आहेस," ती म्हणाली. "ते बूट तेवढे काढ, फरशी आत्ताच पुसलीय."

बारकीनं पायरीवर बसून बूट काढले आणि आत गेली. आतून चहाचं भांडं शेगडीवर ठेवल्याचा आवाज आला.